ठिकाणचा पाऊस, प्रदेशाचा पाऊस
(प्रस्तावना)

एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या नदीच्या खोऱ्यात किंवा संबंध देशात किती पाऊस पडला, याचा आकडा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्तमानपत्रांतून आणि शासकीय पत्रकांतून रोज प्रसिद्ध होतो. धरणाचे दरवाजे केव्हा उघडायचे, पेरणीची घाई करावी की थांबावे, कोणता तालुका दुष्काळग्रस्त ठरवावा, विम्याची भरपाई कोणाला मिळावी, या साऱ्या निर्णयांना त्या आकड्याचा आधार असतो. तो इतक्या सहजपणे सांगितला जातो की, कोणीतरी कुठेतरी तो प्रत्यक्ष मोजला असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र प्रत्यक्ष मोजला जातो तो वीतभरही रुंद नसलेल्या नरसाळ्यात पडलेला पाऊस. त्यावरून शेकडो चौरस किलोमीटरांचा पाऊस ठरवायचा तर मधल्या न मोजलेल्या जमिनीवर काय घडले असावे याचा तर्क करावा लागतो. ठिकाणचा पाऊस हे निरीक्षण आहे आणि प्रदेशाचा पाऊस हे अनुमान आहे. त्या अनुमानाच्या रीती, त्यांचा इतिहास आणि त्यांच्या मर्यादा हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय.

अनुमानाचा पाया असलेले निरीक्षण मात्र अतिशय साधे असते. भारतीय हवामान खात्याच्या प्रमाणित साध्या पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर असते, त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर राहील असा तो रोवला जातो, आणि आजूबाजूच्या झाडा-इमारतींपासून तो निदान त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावा असा दंडक आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता निरीक्षक आतल्या बाटलीतले पाणी खुणा केलेल्या काचेच्या मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या पातळीला धरतो आणि पाण्याच्या बाकदार पृष्ठभागाचा तळ ज्या रेघेला टेकतो तो आकडा वहीत उतरवतो. त्या आकड्याचे एकक मिलिमीटर असते. म्हणजे पडलेले पाणी वाहून गेले नसते, मुरले नसते आणि सुकलेही नसते, तर सपाट जमिनीवर त्याचा किती जाडीचा थर साचला असता, एवढेच तो सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, एका हेक्टरवर दहा हजार लिटर. महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर तोच एक मिलिमीटर पसरला, तर जवळजवळ ३१ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ११ अब्ज घनफूट किंवा रूढ भाषेत ११ टीएमसी पाणी होते. राज्याच्या सरासरी पावसाच्या अनुमानात दहा मिलिमीटरची चूक झाली, तर कोयना धरणाच्या १०५ टीएमसी साठ्याहून अधिक पाणी हिशेबात जास्तीचे धरले जाते किंवा हिशेबातून गळते. याउलट, २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचे दोन हजार मापक राज्यभर बसवले तरी त्या सर्वांच्या तोंडांचे मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर, म्हणजे शहरातल्या दोन खोल्यांच्या घराएवढेच भरते. या शास्त्राची सारी अडचण या विषम प्रमाणात आहे.

पाऊस सगळीकडे सारखा पडत असता तर ही विषमता फारशी बाधली नसती. पण सह्याद्रीच्या प्रदेशात तसे मानणे शक्यच नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाटमाथ्यावर चढताना थंड होऊन पाणी टाकतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होत जातात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होत असताना, सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईला तो हजाराच्या आत राहतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास येतो. अशा जिल्ह्याचा ‘सरासरी पाऊस’ हा आकडा गणिताने काढता येतो, पण तो जिल्ह्यातल्या बहुतेक गावांच्या अनुभवाशी जुळत नाही. डोंगराची आडकाठी नसतानाही पाऊस असाच विषम पडू शकतो, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने पाहिले. त्या दिवशीच्या सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटरची. दोहोंची सरासरी पाचशेच्या थोडी वर जाते; तो आकडा मिठी नदीच्या काठावरच्या वस्तीबद्दलही काही सांगत नाही आणि दक्षिण मुंबईबद्दलही नाही. शहरात त्या काळी अधिकृत नोंदीची हीच दोन प्रमुख केंद्रे होती आणि मधल्या पट्ट्यात नेमके काय घडत होते, हे त्या वेळी सांगू शकेल असे पुरेसे दाट जाळे नव्हते.

पाऊस मोजण्याची गरज भारतात फार जुनी आहे आणि ती आरंभापासून शेती व महसूल यांच्याशी जोडलेली आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराजवळ एक अरत्नी रुंद तोंडाचे पात्र पर्जन्यमापनासाठी ठेवण्याचा निर्देश येतो आणि सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची प्रमाणे द्रोण या मापात दिलेली आढळतात. त्यात कोरड्या जांगल प्रदेशाचा पाऊस सोळा द्रोण आणि अवंतीचा तेवीस द्रोण सांगितला असून गोदावरीकाठच्या अश्मक देशाचाही स्वतंत्र आकडा आहे. अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस मात्र अमित म्हणून सोडून दिला आहे. ही नोंद केवळ कौतुकाची नाही. प्रत्येक प्रदेशाला त्याचा असा एक पाऊस असतो आणि त्यावरून कोणते बी केव्हा पेरावे हे ठरवता येते, ही कल्पना, म्हणजेच आजच्या परिभाषेतील ‘प्रादेशिक सरासरी’, तिच्यात पुरती उमटलेली आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत आढक हे माप घेऊन पावसाच्या मोजणीचा विचार केला. पंधराव्या शतकात कोरियात राजा सेजोंगच्या कारकिर्दीत, १४४१ पासून, एकाच मापाची पर्जन्यपात्रे प्रांतोप्रांती पाठवली गेली आणि तिथले आकडे राजधानीत मागवले जाऊ लागले. सारख्या उपकरणांचे शासकीय जाळे ही गोष्ट तिथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

बिंदूवरून विस्ताराकडे जाणारे गणित लेखी स्वरूपात मांडण्याचे श्रेय इटलीच्या बेनेदेत्तो कास्तेल्ली याला द्यावे लागते. १६३९ मध्ये गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रात त्याने उघड्यावर ठेवलेल्या काचेच्या पात्रात तासाभरात साचलेल्या पाण्यावरून त्रासिमेनो सरोवराची पातळी किती वाढली असेल याचा हिशेब केला. सरोवरावर सर्वत्र पात्रात पडला तेवढाच पाऊस पडला, हे त्यातले गृहीतक. आणि पुढच्या पावणेचारशे वर्षांत या शास्त्राने जे काही केले ते बहुतांशी या एका गृहीतकाला पर्याय शोधण्याचेच काम होते.

त्याआधी खुद्द पात्रावर कितपत विसंबावे, हा प्रश्न सोडवावा लागला. लंडनचे वैद्य विल्यम हेबरडेन यांनी १७६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, वेस्टमिन्स्टर ॲबेच्या छपरावरील मापकात जमिनीजवळच्या मापकापेक्षा बराच कमी पाऊस सापडत असल्याचे दाखवले. उंचावर पाऊसच कमी असतो काय, या कोड्याने पुढे जवळजवळ शतकभर अभ्यासकांना गुंतवून ठेवले. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६१ मध्ये त्याचा उलगडा केला: मापकाच्या कडेला अडलेला वारा उसळून वर वेग घेतो आणि आत पडू पाहणारे थेंब पलीकडे नेतो. उघड्या माळावर आणि घाटमाथ्यावर आजही हीच तूट पडते. मापकाची कड जमिनीजवळ ठेवण्याचा नियम या उलगड्यातून पक्का झाला. त्याच सुमारास, १८६० मध्ये, जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी ब्रिटनमधील १६८ ठिकाणांच्या नोंदी एकत्र केल्या, आणि १९०० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा पाद्री, शाळामास्तर, जमीनदार, बागकाम करणारे अशा स्वयंसेवक निरीक्षकांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेलेली होती. त्यांच्या नावाचा पाच इंची मापक भारतातल्या तहसील कचेऱ्यांच्या आवारांत अनेक दशके उभा होता.

भारतात या कामाला दुष्काळांनी आणि वादळांनी गती दिली. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील मोसमी पावसाचे अपयश या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी निरनिराळ्या प्रांतांत वेगवेगळ्या रीतीने चाललेल्या नोंदी एका शिस्तीत आणल्या आणि १८८० च्या दशकात भारताच्या पर्जन्यमानावरील मोठा ग्रंथ सिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा जगातल्या दूरदूरच्या वायुदाबांशी संबंध शोधला, तेव्हा त्यांना संपूर्ण देशाच्या पावसासाठी एकच आकडा हवा होता. ‘अखिल भारतीय पाऊस’ ही आज परिचित झालेली राशी अशा गरजेतून घडली. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. या इतिहासात ज्यांची नावे कुठेच येत नाहीत त्या कारकुनांचा, तलाठ्यांचा आणि शिपायांचा वाटा फार मोठा आहे. भर पावसात सकाळी साडेआठला मापकाकडे जाणारा माणूस नसता तर एकाही सूत्राला अर्थ उरला नसता, असे प्रस्तुत ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

अनुमानाच्या रीतींपैकी पहिला संप्रदाय भूमितीचा आहे. सर्व केंद्रांची साधी सरासरी काढणे ही त्यातली सर्वांत सोपी रीत. पण केंद्रे एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ असली की ती फसते. अमेरिकी हवामान खात्यातील आल्फ्रेड थीसेन यांनी १९११ मध्ये सुचवले की, नकाशावरचा प्रत्येक बिंदू त्याला सर्वांत जवळच्या केंद्राच्या वाट्याला द्यावा, अशा रीतीने प्रत्येक केंद्राभोवती जो बहुभुज तयार होईल त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात त्या केंद्राला वजन द्यावे, आणि मग भारित सरासरी काढावी. समजा, घाटमाथ्यापासून पठारापर्यंत पसरलेल्या ५०० चौरस किलोमीटरांच्या एका पाणलोट क्षेत्रात तीन मापक आहेत आणि एका दिवशी माथ्यावर २४०, मध्ये ९० आणि पठारावर ३० मिलिमीटर पाऊस झाला. साधी सरासरी १२० येते. बहुभुजांचे वाटे अनुक्रमे २०, ३० आणि ५० टक्के असतील, तर थीसेनच्या रीतीने ९० येते. तीस मिलिमीटरचा हा फरक दीड कोटी घनमीटर, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून थोडा अधिक होतो. खालच्या धरणावरील अभियंत्याने विसर्गाचा निर्णय यांपैकी कोणत्या आकड्यावर घ्यायचा, हा नदीकाठच्या गावांच्या दृष्टीने फार गंभीर प्रश्न आहे. थीसेनच्या रीतीतही दोष आहे, कारण दोन बहुभुजांच्या शिवेवर पाऊस एका पावलात बदलतो असे ती मानते आणि डोंगर तिला दिसत नाही. सारख्या पावसाची ठिकाणे जोडणाऱ्या समपर्जन्य रेषा काढणारा अनुभवी माणूस मात्र डोंगराचा उतार आणि वाऱ्याची दिशा ध्यानात घेऊन रेषा वळवतो. म्हणून डोंगराळ मुलखात ही रीत अधिक खरी उतरते; तिची अडचण एवढीच की, दोन जाणत्यांच्या रेषा एकसारख्या येत नाहीत.

दुसरा संप्रदाय संख्याशास्त्राचा आहे आणि त्याचा उगम दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत झाला, हे सांगण्यासारखे आहे. मोजक्या छिद्रांतून काढलेल्या नमुन्यांवरून खाणीतल्या सोन्याचा अंदाज बांधण्यासाठी डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये जी पद्धत मांडली, तिला फ्रान्सचे जॉर्ज मातेराँ यांनी पुढील दशकात गणिती रूप दिले. ती क्रिगिंग या नावाने ओळखली जाते. जवळच्या दोन ठिकाणांचा पाऊस दूरच्या ठिकाणांपेक्षा अधिक सारखा असतो, पण हे सारखेपण अंतराबरोबर किती वेगाने कमी होते, हे उपलब्ध नोंदींवरूनच शोधून त्यानुसार वजने ठरवायची, हे तिचे सूत्र. तिचे खरे मोल मात्र आणखी एका गोष्टीत आहे: प्रत्येक अनुमानाबरोबर ते किती चुकलेले असू शकते याचा अंदाजही ती देते.

तिसऱ्या संप्रदायाने जमिनीवरून नजर उचलली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांच्या आकारांचे वितरण मोजून दाखवल्यापासून रडारला परत येणाऱ्या लहरींवरून पावसाची तीव्रता काढण्याची वाट मोकळी झाली. ही वाट सरळ नाही. लहान थेंबाकडून परावर्तित होणारी शक्ती त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते, तर त्यातले पाणी तिसऱ्या घाताच्या. म्हणून चार मिलिमीटर व्यासाचा एक थेंब एक मिलिमीटर व्यासाच्या ४,०९६ थेंबांइतका ‘दिसतो’, पण त्यात पाणी फक्त ६४ थेंबांचे असते. वळवाच्या टपोऱ्या सरीत आणि श्रावणातल्या बारीक रिपरिपीत एकच सूत्र वापरले, तर फसगत होणारच. शिवाय रडारची शलाका डोंगराला अडते आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूर जाता जाता जमिनीपासून वर उचलली जाते, त्यामुळे सह्याद्रीच्या दऱ्या तिच्यापासून लपून राहतात.

उपग्रहांना ही आडकाठी नाही, पण त्यांची दृष्टी आणखी अप्रत्यक्ष आहे. आरंभी ढगांच्या माथ्याचे तापमान पाहून, माथा जितका थंड तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असे अनुमान केले गेले. पुढे ढगांतल्या थेंबांचे आणि हिमकणांचे सूक्ष्मलहरींवरील परिणाम वाचता येऊ लागले. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि जपान यांनी सोडलेल्या ट्रिम उपग्रहाने पहिल्यांदाच पर्जन्य-रडार अवकाशात नेले, २०११ मध्ये भारत व फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्स गेला आणि २०१४ मध्ये ट्रिमचा वारस असलेला जीपीएम. समुद्रावरच्या पावसाबद्दल आज जे काही माहीत आहे ते प्रामुख्याने या मालिकेमुळे. पश्चिम घाटात मात्र उपग्रह कमी पाऊस सांगतात, कारण तिथला बराच मुसळधार पाऊस उंच नसलेल्या, माथ्याशी फारसे थंड न झालेल्या ढगांतून पडतो. म्हणून आता मापक, रडार आणि उपग्रह यांची सांगड घालणारी संमिश्र अनुमाने रूढ झाली आहेत. मोबाइल मनोऱ्यांमधील संदेशलहरी पावसात क्षीण होतात, त्या क्षीणतेवरून पाऊस काढण्याचे इस्रायल आणि नेदरलँड्समधील प्रयोगही या दिशेचेच आहेत.

या साऱ्या प्रगतीत एक वाद मिटलेला नाही आणि मिटू नये इतका तो उपयुक्त आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७१ पासूनची जी मालिका रचली तिच्यात ३०६ ठरावीक केंद्रेच वापरली, कारण दर वर्षी केंद्रे बदलत गेली तर बदल पावसात झाला की जाळ्यात, हे कळत नाही. हवामान खात्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पाव अंशाच्या चौकटींत देश विभागणाऱ्या मालिकेत १९०१ पासूनच्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी आहेत, पण कोणत्याही एका दिवशी त्यांतली सगळी उपलब्ध नसतात. दीर्घकालीन कल पाहायचा तर पहिली वाट सुरक्षित, आणि एखाद्या दिवसाचा पूर समजून घ्यायचा तर दुसरीवाचून गत्यंतर नाही. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत असल्याचे बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, ते चौकटींच्या अशाच एका आधीच्या मालिकेवरून. सरासरी काढली की टोके बोथट होतात, हे लक्षात ठेवूनच असे निष्कर्ष वाचावे लागतात.

हा विषय आज सर्वसामान्य वाचकाच्या दारात आला आहे, कारण आकड्यावर थेट पैसा ठरतो. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून २०१७ पासून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानून पंचनाम्यांचा मार्ग मोकळा होतो, आणि फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात तर केंद्राची नोंद हाच पुरावा असतो. पण मंडळाचे क्षेत्र सरासरी दीडशे चौरस किलोमीटर असते आणि त्यात वीसएक गावे येतात. केंद्रावर ६२ मिलिमीटरची नोंद झाली आणि चार कोसांवरच्या शिवारात बांध फुटून माती वाहून गेली, तर त्या शेतकऱ्याचे नुकसान कागदावर झालेलेच नसते. विम्याच्या परिभाषेत याला आधार-जोखीम म्हणतात. ही जोखीम आज बव्हंशी ज्याच्याकडे ती पेलण्याची ताकद सर्वांत कमी आहे त्याच्यावर पडते, आणि ती कमी करणे शास्त्राच्या आवाक्याबाहेर नाही: शेजारच्या केंद्रांच्या व रडारच्या आधारे गावनिहाय अनुमान काढता येते आणि त्यासोबत चुकीची मर्यादाही सांगता येते. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे तीन-चार मिलिमीटरांवर असलेल्या नोंदीला ठाम निकालासारखे वापरणे हे मोजमापाच्या शास्त्राला धरून नाही, ही भूमिका ग्रंथात ठामपणे घेतलेली आहे.

मराठीत पावसावर लेखन विपुल आहे. मोजणीवर, आणि त्यातही क्षेत्रीय अनुमानावर, सलग वाचता येईल असे लेखन मात्र विरळ. जलसंपदा आणि कृषी विभागांतील तरुण अधिकारी, भूगोलाचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवू पाहणारे कार्यकर्ते आणि विम्याच्या नाकारलेल्या दाव्याचा अर्थ लावू पाहणारे शेतकरी, हा या ग्रंथाचा अपेक्षित वाचकवर्ग आहे. त्यासाठी शालेय बीजगणितापलीकडचे गणित वेगळ्या परिशिष्टांत ठेवले आहे आणि प्रत्येक रीत सह्याद्रीपासून पूर्वेकडे वाहणाऱ्या एकाच खोऱ्याच्या संदर्भात, एकाच प्रकारच्या उदाहरणांवर चालवून दाखवली आहे, जेणेकरून उत्तरांतला फरक रीतीमुळे पडला हे वाचकाला स्वतः पडताळता यावे. हिमवृष्टीचे मापन आणि पावसाचे पूर्वानुमान हे दोन्ही मोठे विषय हेतुपुरस्सर बाहेर ठेवले आहेत. शेतकरी ज्या रीतीने, वखराच्या फासाखाली ओल किती खोल गेली हे पाहून, पावसाचा अंदाज घेत आले आहेत, तिला मात्र एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कारण मापकाला न दिसणारी एक गोष्ट, पडलेल्या पाण्यापैकी जमिनीने किती घेतले, ती त्या ओलीतच मोजली जाते.